ठीक हाय, वाढा

ते घास तोंडात टाकायचे, डोळे मिटायचे आणि बराच वेळ तसेच बसून राहायचे. पातेल्यातली वाफ वर जाऊन नदीकडून आलेल्या धुक्यात मिसळायची. वाटायचं, हा माणूस आत्ता ओसरीवर नाहीच, कुठल्या तरी बर्फाळ चौकीवर भल्या मोठ्या चुलाण्यापुढे उभा आहे. मग ते डोळे उघडायचे, मान हलवायचे आणि म्हणायचे, "ठीक हाय, वाढा."

वाढणारेही तेच असायचे. आणि जेवणारा होता एक कुत्रा.

सांगलीत आमच्या भिंतीला भिंत लागून या शेजाऱ्यांचं घर. मूळचे माण तालुक्यातले. सगळी नोकरी फौजेत स्वयंपाकी म्हणून झाली. तिथे म्हणे जवानांची पंगत बसण्याआधी साहेब येऊन एक घास चाखतो, मगच जेवण वाढतात. निवृत्त झाल्यावर साहेब राहिले नाहीत, जवान राहिले नाहीत, पुढे बायकोही राहिली नाही. चाखायची रीत तेवढी राहिली. गावाकडच्या एका मेंढपाळानं दिलेलं पिल्लू त्यांनी घरी आणलं आणि त्याचं नाव ठेवलं रंगरूट, म्हणजे फौजेत नवा भरती झालेला जवान. रंगरूटच्या तोंडावरचे केस पांढरे झाले तरी त्याला बढती काही मिळाली नाही.

त्याचं खाणं मात्र अधिकाऱ्याला लाजवेल असं. बाजरीची भाकरी कुस्करून, वर खिम्याचा रस्सा, कांद्या-लसणाची फोडणी. माझी बायको म्हणायची, पुढचा जन्म कुत्र्याचा मिळाला तरी हरकत नाही, फक्त शेजारच्या घरात मिळावा. मी एकदा दुकानातली कुत्र्याच्या तयार खाण्याची पिशवी आणून दिली. त्यांनी त्यातली एक गोळी दाताखाली फोडली आणि डोळे मिटून चघळली. आम्ही नवरा-बायको निकालाची वाट बघत उभे.

"मास्तर, वाईट न्हाई," ते म्हणाले. "पर ह्येला कुनाचा हात लागलाय त्ये कळंना."

पिशवी परत आमच्या घरी आली.

आमच्या भागात ताकद म्हटलं की बेदाणा, हे तुम्हालाही ठाऊक असेल. आजाऱ्याला बेदाणा, बाळंतिणीला बेदाणा, आल्यागेल्याच्या हातावर बेदाणा. एका थंडीत रंगरूट जरा उतरल्यासारखा दिसला, तेव्हा त्यांनी बाजारातून निवडक हिरवा बेदाणा आणला. धुतला, चाखला आणि खिरीत घालून प्रेमानं त्याच्यापुढे ठेवला. दुसऱ्या दिवशी रंगरूटला ओकाऱ्या सुरू झाल्या. संध्याकाळपर्यंत तो उठेनासा झाला.

जनावरांच्या डॉक्टरांनी सलाईन लावलं आणि काय काय खाल्लं ते विचारून घेतलं. बेदाण्याचं नाव निघताच ते थांबले. द्राक्ष आणि बेदाणा कुत्र्याला विषासारखे, मूत्रपिंडं निकामी करतात, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. कांदा-लसूणही नको म्हणाले. हे ऐकताना शेजारी एवढंच बोलले, "मी चाखला हुता. ग्वाड हुता." परतीच्या रिक्षातही ते हेच पुटपुटत होते.

रंगरूट वाचला, पण नाजूक झाला. मऊ भात, शिजवलेला दुधी, अंड्याचा पांढरा भाग, मीठ-मसाला अजिबात नाही, असं पथ्य ठरलं. ज्या माणसाच्या हाताच्या चवीची पलटणभर ख्याती, त्यानं निमूट बिनमिठाचा भात शिजवला. थाळी कुत्र्यापुढे ठेवली आणि लांब जाऊन बसले. चाखलं नाही. रंगरूटनं थाळीकडं पाहिलं, मग त्यांच्याकडं पाहिलं आणि तोंड पंजांवर टेकलं. दुसऱ्या दिवशीही तेच. डॉक्टर म्हणाले, पोटात अन्न गेलं नाही तर माझ्या हातात काही उरणार नाही.

मी म्हणालो, "तुम्ही चाखलं नाहीत. तो त्याची वाट बघतोय."

"माझ्या जिभंचं आता काय खरं न्हाई, मास्तर."

"ते त्याला सांगा."

त्यांनी रंगरूटकडं पाहिलं. मग उठले, थाळीतला चिमूटभर भात तोंडात टाकला आणि डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांतून पाणी गालावर आलं, ते त्यांनी पुसलं नाही. "ठीक हाय, वाढा," ते म्हणाले, आणि रंगरूट जेवला. माझ्या बायकोनं पदर डोळ्यांना लावला. मला तर कुणीतरी परीक्षेत पास केल्यासारखं वाटलं.

त्यांना स्वतःलाही रक्तदाबासाठी मीठ वर्ज्य होतं. त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर असायचं, की बिनमिठाचं जेवण आणि बिनपगाराची नोकरी आपल्याच्यानं व्हायची नाही. त्या दिवसापासून दोघांचं एकच पातेलं चुलीवर चढू लागलं. मी चिडवलं, तर म्हणाले, "फौजंच्या लंगरात जवानाला येक आन् सायबाला येक, आसं चालत न्हाई."

हळद वाळायला घातली की सांगलीची दुपार पिवळी आणि सुस्त होते. तशाच एका दुपारी ओसरीवरच्या खुर्चीत त्यांचा डोळा लागला, तो लागलाच. पायाशी रंगरूट झोपला होता. दोघांपैकी एकच जागा झाला.

साताऱ्याहून त्यांची मुलगी आली. सगळं आटोपल्यावर तिनं वडिलांसारखाच भात-दुधी शिजवून थाळी ठेवली. रंगरूट खुर्चीकडं बघत पडून राहिला. सकाळची थाळी संध्याकाळी तशीच होती. ती दमून आमच्या दारात आली. "काका, ह्यो काय त्वांड लावंना. आता ह्यो बी जायाचा का वं?"

मी गेलो. थाळीशी मांडी घालून बसलो आणि चिमूटभर भात तोंडात टाकला. मऊ होता, दुधी नीट शिजला होता. माझे डोळे आपोआप मिटले. ओसरीवर तीच वाफ होती, तोच वास. क्षणभर वाटलं, आता मागून तो आवाज येईल. आला नाही.

"ठीक हाय, वाढा," मी म्हणालो.

रंगरूट उठला आणि जेवू लागला. माझ्या तोंडातला घास मात्र अजून गिळला गेला नव्हता.