पाठवलेल्या खान्यातलं टपाल

मी तीस वर्षं डाकेची थैली वाहिली. आरमोरीच्या पुढं आत जंगलात पाच गावं, सायकलवर. सातवी शिकलेला माणूस, पत्ता वाचता येतो, एवढंच भांडवल. त्या कामात एक गोष्ट हाडात मुरली. पेटीत पडलेली चिठ्ठी लिहिणाऱ्याची राहत नाही. ती गेली. माणसं मागं धावत यायची, हातापाया पडायची, रागात लिहिली जी, परत द्या म्हणायची. मी कधी दिली नाही. याच अकलेनं मी माझ्या मेलेल्या बायकोचा आवाज पुसायला बसलो होतो.

घरात कॉम्प्युटर तिच्यामुळे आला. लेक परदेशात नर्स आहे. मोबाईलवर तिचे आणि नातीचे फोटो यायचे, पण एका वर्षी धानाच्या रोवण्याच्या दिवसांत तो मोबाईल नाल्यात पडला आणि सगळे फोटो गेले. बायको दोन दिवस जेवली नाही. मग लेकीनं सुट्टीत येऊन आपला जुना कॉम्प्युटर घरी बसवून दिला. बायको म्हणे, "हा डब्बा बरा. हा काही नाल्यात पडत नाई."

तिला लिहिता येत नव्हतं. लेकीनं मेलचा प्रोग्राम लावून दिला, खान्यांना मराठी नावं दिली: आलेलं, पाठवलेलं, कचरा. मला वाचून दाखवायला सोपं. बायको बटण दाबून बोलायची, बोललेलं लेकीला जायचं. दवाखान्यात भरती व्हायच्या आदल्या दुपारी ती तासभर बोलत बसली. मला घरातून हाकललं होतं. तिथून ती घरी आली नाही.

चार महिन्यांनी एका सकाळी पडद्यावर इंग्रजीची चौकट आली. नातीचे फोटो येणं बंद. लेकीला फोन लावला. ती ड्युटीवर, घाईत होती.

"बाबा, फाईल भरली. सगळे खाने मिळून एकच फाईल असते, तिची हद्द असते. नको ते मेल काढून टाका, मग नवीन येतीन."

नको ते कोणतं? आलेल्याला हात लावायची हिंमत नव्हती, त्यात नात होती. मग पाठवलेल्या खान्यावर नजर गेली. पाठवलेलं म्हणजे पोचलेलं. आपल्याकडे राहिली ती नुसती पावती. मी सगळं निवडलं आणि काढलं. मग कचराही रिकामा केला. साफ काम केलं म्हणून चहा ठेवला.

चहा पिऊन पाहिलं तर फाईल होती तेवढीच. वर आणखी एक चौकट, खाली दोन बटणं. मी पुन्हा लेकीला फोन केला. या वेळी ती निवांत होती.

"काय काढलं बाबा?"

"पाठवलेलं. तुले आईचं सारं पोचलंच हाय नं."

"हो, माझ्याकडे आहे. दर वेळचं पाच-दहा मिनिटांचं."

"अन् शेवटचं? तासभर बोलली ते?"

लेक म्हणाली, "कोणतं तासभर?"

मी खुर्ची ओढून बसलो.

"बाबा, मले असं काही आलंच नाही. मेल फार मोठा असला तर समोरचा घेत नाही. परत पाठवते. आपोआप चिठ्ठी येते तशी. आली होती का?"

आली होती. बायको भरती असताना घरी येऊन मी एकदा डब्बा चालू केला, तेव्हा आलेल्यात एक इंग्रजी कागद दिसला होता. जाहिरात समजून सोडला. जास्त वजनाचं पार्सल शिक्का मारून परत येतं, ते मी जन्मभर दारोदार परत केलं. स्वतःच्या दारात आलेलं मला ओळखू आलं नाही.

"बाबा, ऐकून राह्यले का? त्या चौकटीत काय लिहिलंय, अक्षरं सांगा."

मी एकेक अक्षर सांगितलं.

"काही दाबू नका," ती ओरडली. "ते विचारते, काढलेल्याची जागा मोकळी करू का. अजून ते फाईलीत असन. यादीतून गेलं, फाईलीतून नाई. हो म्हटलं का खरंच जाईन. वायर उपटा. आत्ता."

मी वायर उपटली. पडदा काळा झाला. आता वाचवलं की मारलं, ते मला कळेना. बायकोची नाडी हातातून गेली तेव्हा मी एवढा घाबरलो नव्हतो. तेव्हा माझ्या हातात काही नव्हतं. इथं माझंच बोट होतं.

डब्बा बायकोच्या गोधडीत बांधला आणि आरमोरीची बस धरली. कंडक्टर म्हणे वर टाका. मी मांडीवर घेऊन बसलो. प्रत्येक खड्ड्याला मी डब्बा पोटाशी दाबायचो. शेजारच्या बाईनं विचारलं, "भाऊ, कोंबड्या हायेत का?" मी मान हलवली.

कॉम्प्युटर दुरुस्त करणारी बाई चाळिशीची, तोंडानं फटकळ.

"काकाजी, डब्बा सोडा तरी. तुमच्या मांडीवर उघडू का?"

मी सगळं सांगितलं. तिनं कपाळाला हात लावला. "पाठवलेलं सारं काढलं? असं कोण करते?"

"डाकवाला करते," मी म्हटलं.

ती हसली नाही. म्हणाली, "पहिले फाईलीची नक्कल काढते. जे करायचं ते नकलेवर. तुम्ही असे उभे राहू नका, माझं ध्यान उडते."

मी दाराशी बसलो. दुपार झाली, तिचा डबा खाऊन झाला, माझी भाकर फडक्यातच राहिली. नक्कल दोनदा मधेच अडकली. प्रत्येक वेळी ती "हट" म्हणायची आणि मी उठून पुन्हा बसायचो. मनात एकच, ही आता वळून म्हणेल, नाही जी, गेलं.

ती वळली. "या इकडे. यादी आली. सर्वांत जड हेच हाय. लावू का?"

"नुसतं पाहा, आवाज हाय का."

तिनं लावलं. आधी खरखर. मग बायको, एवढी जवळ की मी मागं पाहिलं.

"जा नं जी बाहीर. मायलेकीचं बोलणं हाय."

मग माझाच आवाज: "काऊन? माह्या चुगल्या करतं का?"

"हो. जा."

मग दार वाजलं.

"बंद करा," मी म्हटलं. बाईनं माझ्याकडे पाहिलं. "पुढचं ऐकायचं नाई?"

"ते लेकीचं टपाल हाय."

खरं सांगतो, भीतीही होती. तासभर ती माझ्याबद्दल काय बोलली असेल, मला माहीत आहे, आणि त्यातलं बरंच खरं असेल. पण दुसऱ्याचं टपाल मी कधी उघडलं नाही, हेही तेवढंच खरं.

बाईनं त्या तासाचे आठ तुकडे केले, हद्दीत बसतील असे, आणि एकेक पाठवला. लेक फोनवर होती. आला, आला, म्हणत होती. सातवा आला. आठवा येईना. बाई म्हणाली थांबा, लाईन सुस्त हाय. मी खिडकीचा गज धरून उभा होतो. मग फोनमध्ये लेक रडायला लागली, तेव्हा समजलं की पोचला.

घरी आणलेला डब्बा मी अजून एकट्यानं चालू करत नाही. पण बाईला मी एक काम जास्तीचं सांगितलं होतं. सुरुवातीचं, दार वाजेपर्यंतचं, वेगळं काढून पेन ड्राईव्हमध्ये दिलं तिनं. बायको बियाणं ठेवायची त्या पत्र्याच्या डब्यात तो ठेवला आहे. तेवढं बोलणं ती माझ्याशी बोलली होती.