कुंकू लागलेले ब्रॅकेट

पिरनवाडीच्या पुढे, पूर्वी जिथे भात पिकायचा, तिथे आमची शेड आहे. इथे विमानाचे सुटे भाग बनतात असं पाहुण्यांना सांगितलं की ते आधी हसतात आणि मग मुलासाठी नोकरी मागतात. मी क्वालिटीत आहे. म्हणजे मापं घ्यायची, माल नजरेखालून घालायचा आणि शेवटी ‘हा विमानात बसवण्यालायक आहे’ म्हणून सही करायची. ती सही झाल्याशिवाय माल शेडबाहेर पडत नाही.

विमानाचे नियम वरून खाली येतात. जगभरच्या देशांची एक संस्था निदान काय हवंच ते ठरवते, दिल्लीतलं खातं त्याचे आपल्या देशापुरते नियम करतं, विमान बनवणारी कंपनी त्यावर आपली आणखी जाड पुस्तकं लिहिते, आणि ती पुस्तकं आमच्याकडे येऊन लोखंडी कपाटात झोपतात. कपाटाची किल्ली मालकांकडे. मालकांना सगळे अण्णा म्हणतात. तपासणीला साहेब यायचे असले की अण्णा फरशीवर नवे पिवळे पट्टे मारून घेतात, सगळ्यांना बूट घालायला लावतात आणि जाताना साहेबांच्या गाडीत कुंद्याच्या मिठाईचा डबा ठेवतात. साहेबही असे थोर की पट्टे बघूनच खूश. अण्णांच्या मते विमानसुरक्षा म्हणतात ती हीच.

मी वडगावच्या मागवाल्यांच्या घरातली. साडीत धागा तुटला तर माझे वडील तो असा जोडतात की गिऱ्हाइकाला जन्मात कळत नाही. पण साडी माणसांना पोटात घेऊन आभाळात चढत नाही. एवढी साधी गोष्ट अण्णांच्या डोक्यात शिरायला तयार नव्हती.

खंडेनवमीला आमच्याही मागांची पूजा असते, म्हणून मी घरी होते. इकडे शेडमध्ये मशिनींची पूजा झाली. त्यात गैर काही नाही. मागाला कुंकू लावल्याने मागाचं काही बिघडत नाही. पण अण्णांना वाटलं, देवापुढे मशीन ठेवलं, मग मशीनने केलेला माल का नको? आणि देवापुढे ठेवायचा तर उत्तमच हवा. म्हणून तपासून, पुसून, पुढच्या कोटिंगसाठी तयार ठेवलेले सीटखालचे ॲल्युमिनियमचे ब्रॅकेट ट्रेसह पूजेत मांडले. प्रत्येकाला ओलं कुंकू लावलं, नारळाचं पाणी शिंपडलं, वर लिंबं पिळली. मग शेड बंद झाली आणि दुसऱ्या दिवशी सगळे सोनं वाटत फिरले.

दसऱ्यानंतर मी आले तेव्हा अण्णांचा भाचा पॉलिश पेपरने ब्रॅकेट घासत बसला होता. तो आमचा सुपरवायझर. कुंकू आणि लिंबाने धातूवर काळे डाग धरले होते आणि हा शहाणा ते पुसून काढत होता, कढईचं बूड घासावं तसं. मला बघून म्हणाला, “माप बसतंय बघा. काय बी दिसत न्हाय आता.”

काही दिसत नाही, हीच तर भीती. डाग वरचा गेला, पण आत धातू किती खाल्ला गेला ते डोळ्याला कळत नाही. असा माल परस्पर घासायची परवानगी कुठल्याच पुस्तकात नाही. मी सही करणार नाही म्हणाले.

अण्णांनी मला केबिनमध्ये बोलावलं. काम काढून घ्यायचं असलं की ते मला आक्का म्हणतात, राग आला की मॅडम.

“आक्का, देवाच्या कुंकवानं विमान पडतंय व्हय?”

“सही देवाची चालत असंल तर त्याच्याकडनंच घ्या.”

“लई शिकलीस म्हणून देवाला नावं ठेवतीस?”

“देवाला न्हाय अण्णा. तुम्हाला ठेवतीया.”

मग मी मॅडम झाले. मी पूजेतला सगळा माल बाद म्हणून संगणकात टाकला. तिथे टाकलं की माल घेणाऱ्या कंपनीलाही दिसतं, त्यामुळे लपवायची सोय उरली नाही. बाद माल पुन्हा कुणी बसवू नये म्हणून तो तोडून टाकायचा असतो. ब्रॅकेट प्रेसखाली चेपले जात होते तेव्हा भाच्याचं तोंड असं झालं होतं की जणू त्याच्याच घरातलं कुणी गेलं. पूजेतला माल मोडल्याच्या पापाला भिऊन तो हात जोडत होता. घासताना पाप आठवलं नव्हतं.

अण्णांनी डूख धरला, पण नियमात राहून. भाच्याला कोर्सला पाठवलं, परीक्षा द्यायला लावली, माल घेणाऱ्या कंपनीची मंजुरी आणली आणि सहीचा अधिकार त्याला दिला. सगळं कसं रीतसर. मला कच्च्या मालाच्या कांबी मोजायला शेडच्या दारात बसवलं. तिथून मला भाचा दिसायचा. तो चहा पिता पिता सह्या करायचा, ट्रेकडे मान वर करूनसुद्धा न बघता. रोज बघून माझं रक्त उकळायचं, पण हातात धरून दाखवावं असं काही नव्हतं.

यंदा अण्णांना आईला विमानात बसवायची हौस आली. सांबऱ्याच्या विमानतळावरून हैदराबाद आणि पुढे तिरुपती. तिकिटं काढली, शेडमध्ये पेढे वाटले. जायच्या आधी मला केबिनमध्ये बोलावलं आणि दार लोटून घेतलं.

“आक्का, त्या विमानात आपला माल असतोय काय गं?”

इतकी किळस मला कधी कुणाची आली नव्हती.

“भाच्याला विचारा. सही त्याची असत्या.”

दुसऱ्या दिवशी कळलं, तिकिटं रद्द झाली. आईला विमान सोसणार नाही म्हणे. ते बसने गेले.

त्याच दुपारी मी माल घेणाऱ्या कंपनीला फोन केला आणि भाच्याच्या सहीचा सगळा माल उघडून बघा म्हणून सांगितलं. पलीकडच्या माणसाने विचारलं, तुमच्याकडे पुरावा काय?

मी म्हणाले, “आमचे मालक आईला घेऊन बसने गेलेत.”