मावशीची मुलाखत

माझी मावशी कवळ्या बनवते. दातांचे डॉक्टर पेशंटच्या जबड्याचं माप घेऊन लॅबमध्ये पाठवतात. तिथे त्याचा प्लास्टरचा साचा होतो, साच्यावर मेण चढतं आणि त्या मेणात एकेक दात बसवला जातो. दात बसवायचं हे काम मावशीचं. लोकांना वाटतं, कवळी म्हणजे सरळ रांगेत लावलेले पांढरेशुभ्र दात. मावशी म्हणते, तसे लावले तर माणूस हसताना भांड्यांच्या जाहिरातीतला वाटतो. ती आधी डॉक्टरांकडून पेशंटचा जुना फोटो मागवून घेते. मग एखादा दात किंचित तिरका बसवते, एखादा जरासा आत, कडेचा एखादा थोडा झिजवून. तिच्या हातची कवळी घालून एक आजी आरशासमोर बसल्या त्या उठेचनात. शेवटी मुलाने जवळजवळ ओढूनच नेलं त्यांना.

हे सगळं मला खूप उशिरा कळलं, कारण मावशी आपणहून कधी काही सांगायची नाही. तिला विचारलं, आज काय केलंस, की उत्तर ठरलेलं असायचं. “झाली तीन कामं.” जणू कामं आपणहून होतात आणि ती नुसती शेजारी उभी असते. आई आणि मावशी ज्या घरात वाढल्या तिथे स्वतःबद्दल चार शब्द बोललं की आजोबा विचारायचे, शिंगं फुटली का गं? आईला पुढे बोलायला यायला लागलं. मावशीला काही आलं नाही.

लॅबमध्ये तिच्या शेजारच्या टेबलावर अठरा वर्षं एकच बाई बसायची. कवळी तयार झाली की ती घासून, चमकवून द्यायचं काम तिच्याकडे. मावशी तिला शेजारीण म्हणायची, म्हणून आमच्या घरात ती सगळ्यांचीच शेजारीण झाली. बोलायला अशी फर्डी की लॅबमध्ये माल घेऊन येणारा माणूससुद्धा अर्धा तास खोळंबायचा. तिचा नवरा घर सोडून गेला तेव्हा तिच्या दोन्ही मुली अडीच महिने मावशीकडे होत्या. मी शिकायला मावशीकडेच राहायचे, त्यामुळे त्या माझ्या गादीवर झोपायच्या आणि सकाळी माझा कंगवा लपवायच्या.

लॅबमध्ये प्रत्येक कामाचं एक कार्ड असतं. पेशंट कोण, अडचण काय होती, काय केलं, कुणी केलं. मावशीचे हात कायम मेणात, आणि अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. त्यामुळे दोन्ही टेबलांची कार्डं शेजारीणच भरायची. मावशी सांगायची, ती लिहायची आणि खाली स्वतःची सही ठोकून टाकायची. अठरा वर्षांत त्यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही. मावशीला तर उलट बरं वाटायचं, लिहिण्याची कटकट गेली म्हणून.

मग लॅबचे म्हातारे डॉक्टर निवृत्त झाले आणि त्यांचा जावई कारभार बघायला लागला. माणूस वाईट नव्हता, पण दातांमधला नव्हता. त्याने मुख्य तंत्रज्ञ असं एक नवं पद काढलं. त्या माणसाने दवाखान्यांमधून फिरायचं, डॉक्टरांना लॅबचं काम समजावून सांगायचं आणि नव्या मुलींना शिकवायचं. ज्यांना इच्छा आहे त्यांनी अर्ज करावा आणि मुलाखतीत आपली तीन उत्तम कामं सांगावीत, अशी नोटीस लागली.

मावशीने नोटीस वाचली आणि जाऊन मेण वितळवायला लागली. शेजारणीने तिला खांद्याला धरून परत नोटिशीसमोर आणलं.

“हे तुझ्यासाठीच आहे. अर्ज कर.”

“मला काय बोलता येतं? तूच कर.”

“मी काय सांगू? चमकवल्या म्हणून सांगू? दात तू बसवतेस. मी तुला तयार करते, चल.”

पुढचे तीन आठवडे जेवणाच्या सुट्टीत लॅबच्या मागच्या व्हरांड्यात मावशीची शाळा भरली. शेजारीण साहेब व्हायची आणि प्रश्न विचारायची. मावशी म्हणायची, “त्या पेशंटचं काम चांगलं झालं.” शेजारीण डबा बाजूला ठेवून म्हणायची, “झालं नाही. मी केलं म्हण.” मावशी म्हणायची, “आम्ही केलं.” “आम्ही कोण? मी. मी केलं.” मावशीच्या तोंडून तो ‘मी’ निघेपर्यंत शेजारणीचं जेवण गार व्हायचं.

घरी येऊन मावशी तेच सगळं माझ्यापुढे आणि काकांपुढे, म्हणजे तिच्या नवऱ्यापुढे, म्हणून दाखवायची. अर्ज मी टाइप करून दिला. काका पेपर बाजूला ठेवून साहेबासारखे ताठ बसायचे आणि मधेच विचारायचे, “पण बाई, तुम्हाला स्वयंपाक येतो का?” मावशी चिडायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. तेव्हाच मी पहिल्यांदा ऐकलं, आपली मावशी काय काय करू शकते ते. नोकरीची सव्वीस वर्षं तिच्या आत बंद असलेलं ते सगळं बाहेर यायला लागलं होतं, आणि खरं सांगायचं तर तिला ते आवडायला लागलं होतं. एकदा पोळपाटावर पीठ पसरता पसरता म्हणाली, “मी बरंच काही केलंय की गं.”

त्यातलं सगळ्यात मोठं काम होतं रेडिओवर बातम्या सांगणाऱ्या एका गृहस्थांचं. नोकरीची दोन वर्षं उरली असताना त्यांचे दात गेले. कवळी बसली, पण स आणि श म्हणताना शिटी वाजायला लागली. बातम्यांमध्ये सरकार आलं, संसद आली, शिष्टमंडळ आलं. तीन दवाखाने झाले तरी शिटी जाईना. शेवटी त्यांचे डॉक्टर त्यांना थेट लॅबमध्येच घेऊन आले. मावशीने त्यांच्या हातात कालचा पेपर दिला आणि वाचायला सांगितलं. दोन तास ते वाचत होते, ती डोळे मिटून ऐकत होती. मग वरच्या पुढच्या दातांच्या मागची जागा तिने केसाइतकी खरवडली, पुन्हा वाचायला लावलं, पुन्हा खरवडली. सहाव्या वेळेला शिटी गेली. ते गृहस्थ वाचायचे थांबले आणि डोळे पुसायला लागले. शेजारीण त्या वेळी शेजारच्या टेबलावरच होती. ते कार्डही तिनेच लिहिलं.

मुलाखती साहेबाच्या बंगल्यावर होत्या, आणि त्या दिवशी मावशीची वेळ दुपारी तीनची होती. सकाळी शेजारीण लॅबमध्ये आली नव्हती. धाकटीच्या शाळेत भेटायला बोलावलंय, असं तिने आदल्या दिवशी सांगितलं होतं. त्या संध्याकाळी जाताना मावशीच्या ओढणीची पिन नीट करून गेली आणि म्हणाली, “बातम्यांचं नक्की सांग. ते ऐकून गप्पच होतील.”

तसंच झालं. आत जावई, बाहेरचे दोन दंतवैद्य आणि ऑफिसातल्या एक बाई होत्या. मावशीने व्हरांड्यात घोटल्यासारखं सुरू केलं. “मी एका बातम्या सांगणाऱ्या गृहस्थांची कवळी...” एवढं बोलली आणि तिच्या लक्षात आलं, दंतवैद्यांपैकी एकाने दुसऱ्याकडे बघितलं. ती बोलत राहिली. पेपरपर्यंत आली, तेव्हा ऑफिसातल्या बाई खाली बघायला लागल्या. संपल्यावर जावई म्हणाला, “बाई, ही हकीकत आम्ही आज सकाळी ऐकलीय.”

मावशीला वाटलं, डॉक्टरांनी सांगितली असेल. ती हसली सुद्धा.

“कुणाकडून ऐकलीत?”

“ज्यांनी ते काम केलं त्यांच्याकडून. अकरा वाजता येऊन गेल्या त्या.” त्याने एक कार्ड टेबलावर सरकवलं. खाली शेजारणीची सही होती. “तुमची दुसरी दोन कामं कोणती?”

दुसरी दोन कामंही सकाळी सांगून झाली होती. मावशीला ते त्यांच्या चेहऱ्यांवरून कळलं. ती सांगायला लागली आणि मधेच थांबली. मला ती नंतर म्हणाली, “मला माझंच खोटं वाटायला लागलं गं. वाटलं, खरंच मी केलं होतं ना?” ती उठली, नमस्कार केला आणि बाहेर आली. दार लावून घेताना तिला आतल्या एका दंतवैद्याचं बोलणं ऐकू आलं. “वयाने एवढ्या मोठ्या, आणि असं?”

शेजारीण दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळेला आली. मावशी तिला हात धुवायच्या बेसिनपाशी घेऊन गेली. चार तास ऐकवायचं म्हणून रात्रभर मनात जुळवलं होतं, पण तोंडातून एवढंच निघालं, “का?”

शेजारीण घाबरली नाही आणि रडलीही नाही. नळ बंद करून म्हणाली, “तुला ते पद नको होतं. मीच तीन आठवड्यांत तुला ते हवंहवंसं वाटायला लावलं.”

“मग कशाला लावलंस?”

“आधी तुझ्यासाठीच होतं. तुझी शप्पथ. पण रोज ऐकून ऐकून मला सगळं पाठ झालं. एक दिवस घरी आरशासमोर म्हणून बघितलं. तुझ्यापेक्षा चांगलं म्हटलं मी.” मग म्हणाली, “माझ्या दोन मुली आहेत. तुला नवरा आहे. आणि मी त्या पदावर गेले की तुला त्रास होऊ देईन का?”

मावशीने तिला विचारलं, “धाकटीच्या शाळेत खरंच बोलावलं होतं का?”

त्यावर शेजारणीने मान फिरवली. मावशी म्हणते, बाकी सगळं एक वेळ सोडून देता आलं असतं. पण तिच्या ओढणीची पिन नीट करताना शेजारणीला अकराची वेळ ठाऊक होती, हे काही केल्या मनातून जात नाही.

काका म्हणाले, गप्प बसू नकोस. मग मावशी आयुष्यात पहिल्यांदा साहेबाच्या खोलीत आपणहून गेली. कार्डं कुणी लिहिली आणि का, ते सांगितलं. जावयाने शांतपणे ऐकून घेतलं.

“याला काही पुरावा?”

“दोन जबडे आणा. एक तिच्यापुढे ठेवा, एक माझ्यापुढे. संध्याकाळपर्यंत कळेल.”

जावई हसला नाही. म्हणाला, “बाई, कदाचित तुमचं खरं असेल. पण हे पद दात बसवण्याचं नाही, दात कसे बसवतात ते लोकांना सांगण्याचं आहे. ते त्यांना येतं. तुम्ही दोघी जुन्या मैत्रिणी, आपसात मिटवा.”

बातम्यांच्या गृहस्थांना बोलवा, असं मी म्हणत होते. मावशी नको म्हणाली. ते गृहस्थ तेव्हा इस्पितळात होते, आणि आजारी माणसाकडे आपलं रडगाणं घेऊन जायला तिचं मन होईना. ज्या डॉक्टरांनी त्यांना आणलं होतं ते परदेशी मुलाकडे राहायला गेले होते, आणि लॅबचे म्हातारे डॉक्टर जावयाच्या कारभारात तोंड घालत नसत. मी पत्र लिहिते म्हटलं तर मावशीने माझ्या हातातलं पेन काढून घेतलं.

शेजारीण मुख्य तंत्रज्ञ झाली. तिला काचेची खोली मिळाली. ती दवाखान्यांमधून फिरायला लागली आणि छान बोलायची म्हणे. लॅबकडे कामं वाढली. ती सगळी अवघड कामं फिरून फिरून मावशीच्याच टेबलावर यायची. शेजारणीने शब्द पाळायचा प्रयत्न केला, हेही सांगायला हवं. मावशीला खिडकीजवळची जागा दिली, नवी खुर्ची दिली. जेवायच्या सुट्टीत ती डबा घेऊन व्हरांड्यात यायची. मावशी डबा टेबलावरच उघडायची.

पाच महिने असेच गेले. मग एक दिवस शेजारीण एक कोरी वही घेऊन टेबलापाशी आली. नव्या मुलींसाठी पुस्तिका काढायची होती. फोटोवरून दात कसे ठरवायचे, शिटी कशी घालवायची, सगळं मावशीने सांगायचं.

“तू नुसतं बोल. लिहायचं मी बघते,” ती म्हणाली.

हे वाक्य मावशीने अठरा वर्षांत हजार वेळा ऐकलं असेल. तिने बर्नर बंद केला, हत्यारं फडक्यात गुंडाळली, हातातलं काम पुरं करून साच्यावर पेशंटचं नाव चिकटवलं आणि ऑफिसात जाऊन राजीनामा लिहिला. दोन ओळींचा. ऑफिसातल्या बाईंना तो वाचता येईना, म्हणून वाचूनही दाखवला. निघताना त्या बाई हळूच म्हणाल्या, “मला तेव्हाच वाटलं होतं, खरं तुमचंच असेल.” मावशी म्हणाली, “मग तेव्हाच बोलायचं होतंत.” एवढं कडू बोलताना तिला आम्ही कुणीच कधी ऐकलेलं नाही.

आता ती दोन खोल्यांच्या एका छोट्या लॅबमध्ये आहे. तिथल्या मालकीणबाई स्वतः तंत्रज्ञ आहेत. पहिल्याच दिवशी त्यांनी मावशीला जबडा देऊन कामाला बसवलं आणि पाठीमागे उभ्या राहून बघत राहिल्या. संध्याकाळी त्यांनी काहीही न विचारता तिला खोलीची किल्ली दिली. पगार थोडा कमी आहे. मान आहे.

पण मावशी बदलली. पूर्वी कुणीही टेबलापाशी आलं की ती त्याला मेण कसं धरायचं, ते हातात हात घेऊन दाखवायची. आता तिथे दोन मुली आहेत, हुशार आहेत, तिच्याकडे बघत असतात. त्या जवळ आल्या की मावशी दिवा जरा आपल्याकडे ओढून घेते आणि पाठ करून बसते. मालकीणबाईंनी मला हे सांगितलं, तक्रार म्हणून नाही, काळजीने.

मी परवा तिला विचारलं, “मुलींना शिकवत का नाहीस?”

ती भाजी निवडत होती. 

“शिकवीन की,” ती म्हणाली. “पोरींचा काय दोष त्यात? पण त्यातली एक वही घेऊन येते गं. ती वही दिसली की माझे हातच चालत नाहीत.”

मग तिने निवडलेली भाजी माझ्याकडे सरकवली आणि म्हणाली, धुऊन आण, आणि नळ जास्त सोडू नकोस.