डीव्हीडीतली हाक

घशाच्या ऑपरेशनमध्ये बाबांचा आवाज कायमचा गेला. ताईच्या लग्नाचा व्हिडिओ त्यांना टीव्हीवर पाहायचा होता, म्हणून मी घरच्या कॉम्प्युटरवर त्याची डीव्हीडी करायला बसलो. पडद्यावरची हिरवी पट्टी सावकाश सरकत होती. शेजारी बाबा तिच्याकडे बघत बसले होते. माणसाचा आवाज रोज नुसता कानावर पडत असतो. ऐकायचा मात्र राहूनच जातो.

डीव्हीडी लावली आणि बाबांचा खणखणीत आवाज घरभर घुमला, "अगं, अक्षता कुठे ठेवल्यास?"

आई पिठाच्या हातांनीच स्वयंपाकघरातून धावत आली. "अहो, बोललात तुम्ही?"

बाबांनी टीव्हीकडे बोट दाखवलं. आई त्यांच्याजवळ बसली. मग मला म्हणाली, "परत लाव रे. मला हाक मारली ना, तेवढंच."