पाहिलंय

इजिप्तमधल्या मन्सुऱ्याच्या बाजारात विदादचं दुकान होतं आणि त्यात गरजेची वस्तू औषधालाही मिळायची नाही. कोंबडीच्या आकाराचं अंडी उकडायचं भांडं, झाकण उचललं की गाणारी साखरदाणी, असला माल. पण लेकीचं लग्न ठरलं की आया धावत यायच्या त्या विदादकडेच. नवरीच्या दिवाणखान्यात नीश, म्हणजे काचेचं कपाट, हवंच आणि ते गच्च भरलेलंही हवं. त्यातलं काही वापरायचं मात्र नाही. पाहुण्यांना चहा द्यायचा तो स्वयंपाकघरातल्या साध्या ग्लासातून.

"बाई, हे गावात दुसऱ्या कुणाकडे नाही. माझ्या लेकीची शपथ!" असं विदाद प्रत्येकीला सांगायची. एकाच साखरदाणीबद्दल तिने चाळीस जणींना सांगितलं होतं.

जिची शपथ घ्यायची ती लेक, रीहाम, बघता बघता लग्नाची झाली. स्थळ हज करून आलेल्या हाज्जा इन्शिराहच्या धाकट्या मुलाचं. मुलगा सोन्यासारखा, पण हाज्जाच्या तिन्ही सुनांची कपाटं विदादच्याच दुकानातून भरलेली! तिसऱ्या सुनेचं कपाट बघून हाज्जा एवढंच म्हणाली होती, "पाहिलंय." त्या घरात तिला अजून 'पाहिलेली' म्हणतात. तिला तीन मुलं झाली तरी!

आपल्या पोरीच्या नशिबी हे नको, म्हणून विदादने कैरो पालथं घातलं. शेवटी टाळी वाजवली की शीळ घालणारा पक्षी मिळाला. दुकानदाराने स्वतःच्या लेकीची शपथ घेतली. विदादने ती खरी मानली. धंद्यात मुरलेली बाई, पण आई झाली की माणूस असं गिऱ्हाईक होतं.

रुखवत बघायला हाज्जा सुनांना घेऊन आली. चष्मा लावला, कपाटासमोर उभी राहिली आणि कुणी सांगायच्या आत तिनेच टाळी वाजवली. पक्ष्याने शीळ घातली.

"पाहिलंय," हाज्जा म्हणाली. "शेजारच्या उम्म हानीकडे दोन आहेत."

खालच्या फळीवर साखरदाणी. "पाहिलंय." त्याखाली सोनेरी काठाचे सहा कप. "हे तर माझ्याकडेच आहेत." रीहामचे डोळे भरून आले. मागे उभी असलेली तिसरी सून जमिनीकडे बघत राहिली.

विदाद उठली, तिने कपाट उघडलं, सोनेरी काठाचे कप काढले आणि स्वयंपाकघरात गेली.

"अगं, कुठे निघालीस ते घेऊन?" हाज्जा ओरडली.

"चहा टाकते."

"त्यात? वेड लागलंय का तुला?"

विदाद पुदिना घातलेला काळा चहा घेऊन आली. चार-चार चमचे साखर घातलेला, वाफाळता. हाज्जाने कप दोन्ही हातांनी धरला, पण तो ओठाला लावायला तिला बराच वेळ लागला. मग एक घोट घेतला. मग दुसरा.

"एक्केचाळीस वर्षं झाली," ती कपाकडे बघत म्हणाली. "माझे कप माझ्या आईने दिलेत. दर शुक्रवारी पुसते. त्यातून चहा कसा लागतो, ते मला माहीतच नव्हतं गं."

तिने ओढणीच्या टोकाने चष्मा पुसला. खाली गाळ उरेपर्यंत चहा प्यायली आणि कप पुढे केला. "अजून घाल."

विदादने घातला.

"हे नव्हतं पाहिलं," हाज्जा म्हणाली आणि रीहामला जवळ ओढून बसवलं. तिसऱ्या सुनेनेही न विचारता एक कप उचलला. हाज्जाने ते बघितलं आणि चक्क काही बोलली नाही.

निघताना मात्र दारात थांबून ती हळूच म्हणाली, "विदाद, हे आणखी कुणाला दाखवलंयस?"

"नाही, हाज्जा. गावात दुसऱ्या कुणाकडे नाही."

शपथ घ्यायची तिला आठवणच झाली नाही.