पहिल्या पाकिटातला आकडा

गौरजाने आयुष्यात एकच निविदा भरली, आणि ती भरताना नवरा सोडला तर घरातल्या कुणी तिला बरं म्हटलं नाही.

ती फोंडाघाटची. बी.कॉम. होऊन मालवणच्या किनाऱ्यावर होड्या बांधणाऱ्या घरात आली. सासरे हरिश्चंद्र तिच्या लग्नाआधीच गेले होते. त्यांचा कारखाना, म्हणजे समुद्राला लागून असलेली पत्र्याची शेड, तिचा नवरा विनीत चालवायचा. फायबरच्या होड्या तो इतक्या निगुतीने करायचा की गिऱ्हाइकाला नाव ठेवायला जागा सापडत नसे. पण गिऱ्हाईकच आटत चाललं होतं. थोरला दीर निलेश, बिनलग्नाचा, त्याला त्या जागेवर पर्यटकांसाठी खोल्या बांधायच्या होत्या. रोज जेवताना तो विषय निघायचाच.

अशात गौरजाला मोबाइलवर एक जाहिरात सापडली. हिंदी महासागरातल्या बेटांच्या एका चिमुकल्या देशाला मच्छीमारांसाठी बारा होड्या हव्या होत्या. पैसा विकास बँकेच्या कर्जाचा, म्हणून खरेदी जाहीर निविदेने. हा बारा होड्यांचा हिस्सा मुद्दाम छोट्या कारखान्यांसाठी वेगळा काढलेला.

"देश केवढो तो?" निलेशने विचारलं.

"आपल्या जिल्ह्यापेक्षा लोक कमी आसत."

"मगे सरपंचाक फोन कर. निविदा कित्याक होयी?"

सासू सत्यवती हसली. थोरल्याच्या प्रत्येक टोमण्याला ती हसायची.

विनीतला ते हसणं लागलं. तो भावाला म्हणाला, "ह्यां काम मिळाला नाय, तर जागा तुका. सही करून देतंय."

"आयेसमोर बोललंस हां," निलेश म्हणाला, आणि पुन्हा त्याने खोल्यांचं नाव काढलं नाही. त्याला आता फक्त वाट बघायची होती.

दाखल्यांसाठी गौरजा एसटीने ओरोसला, जिल्ह्याच्या कचेरीत, किती वेळा गेली याची गणती नाही. सत्यवती शेजारणीला ऐकू जाईल असं म्हणायची, "आमची सून कलेक्टर झाली. भात तेवढो वेळेर शिजणा नाय."

निविदेचा मुख्य नियम गौरजाने सगळ्यांना मराठीत वाचून दाखवला होता. पाकिटं दोन. पहिल्यात होडीचा नकाशा, साहित्य, नमुन्याच्या होडीचे फोटो. दुसऱ्यात किंमत. पहिल्या पाकिटात कुठेही किंमत दिसली, तर दुसरं न उघडताच निविदा बाद.

आता या कारखान्यात हरिश्चंद्रांपासूनची एक रीत होती. दर ठरला की आकडा होडीच्या आत, पुढच्या टोकाशी, लाल खडूने लिहायचा. होडी पाण्यात जाईपर्यंत तो पुसायचा नाही. मग गिऱ्हाइकाने घासाघीस करायची नाही आणि कारखान्याने वाढवून मागायचं नाही.

नवराबायकोने चार दिवस बसून दर ठरवला. ठरला त्या सकाळी विनीत शेडमध्ये गेला, नमुन्याच्या होडीत वाकला आणि आकडा लिहून आला. त्यात विचार करण्यासारखं त्याला काही वाटलंच नाही. दुपारी गौरजाने फोटो काढले. अकरा वर्षं प्रत्येक होडीत तो लाल आकडा बघून तिला तो दिसायचाच बंद झाला होता. मोठे प्रिंट निलेशने कसालच्या स्टुडिओतून आणून दिले, कारण त्याचं तिकडे काम होतं. तिने ते पहिल्या पाकिटात घातले, दोन्ही पाकिटांना लाख लावली, कुरिअर केलं.

दोन महिन्यांनी मेल आली. चौथ्या फोटोत किंमत दिसते, सबब निविदा नाकारण्यात येत आहे. खाली काम मिळालेल्याचा दर होता. तो यांच्या दरापेक्षा होडीमागे अठरा हजारांनी जास्त होता.

तिने ती रात्री जेवताना सगळ्यांना वाचून दाखवली. विनीतचा घास हातातच राहिला.

"आकडो माझ्या हातचो," तो म्हणाला.

"फोटो माझो. तुझ्या एकट्याचो दोष नाय."

निलेश बांगड्याचा काटा काढत होता. गडी खुशीत होता, आणि खुशीत माणूस बोलून जातो. "स्टुडिओवाल्यान तेवाच इचारल्यान माका. म्हणता, ह्या किमतीत होडी गावता तर माका एक सांगा. मी म्हटलंय, तुझ्याआधी परदेशी गिऱ्हाईक आसा."

सत्यवती सवयीने हसली आणि मध्येच थांबली.

"म्हणजे आकडो तुमका कसालाकच दिसललो," गौरजा म्हणाली.

"दिसललो. मगे?"

"नियम मी वाचून दाखवललंय. तुमी हयच बसललात."

"कागद तुझे. तपासूचे तू. मी खंयचो साहेब?"

"दादा," विनीत म्हणाला, "एक शब्द बोलाक काय झाला होता तुका?"

"माझो शब्द सोड. तू शब्द दिललंस, तो बघ. सही कधी करतलस?"

"चुकी कोणाची होणा नाय?" सत्यवती म्हणाली. "जेवा आता."

कुणाची चूक, ते ती बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी विनीत सदरा घालून सही करायला निघाला. गौरजाने त्याला अडवलं नाही.

"शब्द दिलंय गो मी," तोच म्हणाला.

"दी सही. शब्द तुझो. माझे हात मी कोणाक देवक नाय."

तो गेल्यावर तिने जुनी शेगडी आणि दुसरा सिलिंडर मागच्या पडवीत ओढत नेला आणि चूल वेगळी मांडली. अकरा वर्षं ती निलेशला मऊ भात वेगळा काढून ठेवायची, बांगड्याचं डोकं काढून वाढायची. आज तिने तीन माणसांचे तांदूळ घेतले. निलेशचे डब्यातच राहिले.

दुपारी सत्यवती दारात आली. "निलेश जेवूचो आसा."

"पर्यटकांक आचारी लागतलोच. आत्तापासून ठेवंदेत."

"आणि मी?"

"तुमचा ताट वाढलंय. येवा, बसा."

सत्यवतीने पडवीतलं ताट बघितलं. भात वाफाळत होता, कडेला सोलकढीची वाटी होती. तेवढ्यात आतून निलेशची हाक आली, "आये, भात खंय आसा?"

ती आत वळली. थोड्या वेळाने डब्याचं झाकण पडल्याचा आणि तांदूळ सांडल्याचा आवाज आला. गौरजाने सासूच्या ताटातला भात परत भांड्यात काढला, ताट घासून पालथं घातलं आणि विनीतची वाट न बघता जेवायला बसली.