मद्रासेत घेतलेले गरम बूट

मद्रासमध्ये थंडी असते असं मानणारी माणसं मी पाहिली आहेत. मार्गळी महिन्यात, म्हणजे मार्गशीर्षाच्या सुमारास, पहाटे ती कानाला मफलर गुंडाळून दूध आणायला निघतात आणि घरी पोचेपर्यंत घामाने भिजतात. आमच्या घरात तेवढीही श्रद्धा नव्हती. तंजावरहून येऊन वेस्ट मांबलममध्ये राहिलेल्या आमच्या कुटुंबाकडे लोकरीची एकच वस्तू होती, ती म्हणजे आईची सोवळ्यातली धाबळी, आणि तिला शिवायची मला मुभा नव्हती.

पन्नासच्या दशकाच्या शेवटी, मी कॉलेजात असताना, कुमाऊंच्या डोंगरातल्या एका शिबिरासाठी माझी निवड झाली. निवड झाली म्हणजे दुसऱ्या कोणी अर्ज केला नव्हता. तंबूत राहायचं, रोज थोडं चढायचं आणि शेवटच्या दिवशी बर्फ जिथून सुरू होतो तिथवर जाऊन यायचं, असा बेत होता. निसर्गप्रेम, चारित्र्यघडण वगैरे गोष्टी पत्रकात होत्या, त्यांच्याशी मला कर्तव्य नव्हतं. मला एकदा बर्फावर उभं राहायचं होतं. अट एवढीच, की बूट धड नसतील त्याला शेवटच्या चढाईला नेणार नाहीत.

नातेवाइकांनी अप्पांना विचारलं, "मुलगी तिथे बर्फात जाऊन काय करणार?"

"उभी राहील," अप्पा म्हणाले. माझे वडील फार बोलत नसत, त्यामुळे त्यांचं बोलणं खोडून काढायला कोणाला जागा सापडत नसे.

बूट घेण्याच्या कामाकडे मात्र त्यांनी एखाद्या कठीण श्लोकाकडे बघावं तसं बघितलं. पत्रकात लिहिलं होतं: घोट्याच्या वर येणारे, आतून लोकरीचे, लोकरीचे दोन मोजे एकावर एक घालून आत बोटं हलतील इतके सैल. माउंट रोडवरच्या एका मोठ्या दुकानात विक्रेत्याने विचारलं, "ऊटीला जाताय का सार?" मद्रासमध्ये थंडीचा पत्ता एवढाच होता. त्याने दाखवलेले बूट फार देखणे होते. मी दोन मोजे चढवले. सप्टेंबरचा महिना, वर पंखा नुसता आवाज करत होता. पाय आत गेला, पण गेल्यावर त्याचा माझ्याशी काही संबंध उरला नाही.

"बोटं हलतात का?" अप्पांनी विचारलं.

"कुठली बोटं?"

"मग नको. हे फोटो काढायचे बूट आहेत."

शेवटी मूर मार्केटात, जुन्या लष्करी सामानाच्या एका गाळ्यात, पाहिजे तसे बूट मिळाले. रंग शेणाचा, आत मळकी लोकर, वजन एखाद्या पाट्याएवढं. दोन मोजे घालूनही बोटं आत खुशाल हलत होती. अप्पांनी आत हात घालून शिवण चाचपली, तळवा वाकवून पाहिला आणि दुकानदाराला विचारलं, "लढाईतले आहेत?"

"लढाईतले आहेत सार, पण लढलेले नाहीत."

घरी आई दारातच उभी होती. "कसाला हे? कोणा मेलेल्याचे असले तर?"

"मेला असता तर बूट परत कोणी आणले असते?" अप्पा म्हणाले.

"ते काही असो. चामड्याचं ते उंबऱ्याच्या आत येणार नाही. पोदुम!" तमिळमधला हा 'पुरे' आईच्या तोंडून निघाला की अपील चालत नसे. बूट बाहेर तिण्णैवर, म्हणजे रस्त्याकडेच्या ओट्यावर, राहिले. नवे बूट पायाला सरावायला हवेत म्हणून मी रोज संध्याकाळी नऊवारीतल्या शेजारणींसमोरून साडीवर ते घालून गल्लीत फेऱ्या मारी. पाऊस सुरू झाला तशी बुटांवर पांढरी बुरशी धरायला लागली. अप्पांनी ती पुसली आणि पाणी शिरू नये म्हणून शिवणी-शिवणीतून खोबरेल चोळलं. आमच्याकडे केस, सांधे, बिजागऱ्या आणि मनस्ताप या सगळ्यांवर खोबरेल हाच उपाय होता.

शिबिरात आमच्या तंबूत मी आणि डेहराडूनची एक मुलगी अशा दोघीच होतो. तिच्या लेखी मी मद्रासी. मी मराठी आहे असं सांगितल्यावर ती म्हणाली, "मग मद्रासला काय करतेस?" तीनशे वर्षांचा इतिहास सांगण्याइतकी ऊब माझ्या अंगात नव्हती, म्हणून "राहते" म्हटलं.

झोपायच्या वेळी तिने आपले बूट फडक्यात गुंडाळून थेट उशाशी ठेवले. जोडे, आणि उशाशी! मी माझी उशी हातभर लांब सरकवली. माझे बूट मी तंबूच्या दाराबाहेर काढून नीट जोडीने लावले. त्यात विचार करण्यासारखं काही होतं असं माझ्या मनातही आलं नाही. माणूस आत जातो, जोडे बाहेर राहतात.

रात्री गारांसारखा बर्फमिश्रित पाऊस पडून गेला. सकाळी बूट जागेवरच होते, पण त्यांच्यात घोट्यापर्यंत गार पाणी साचलेलं होतं. वरून ते पांढरेफटक झाले होते. तो बर्फ नव्हता. अप्पांचं खोबरेल थिजलं होतं.

डेहराडूनच्या मुलीने बूट उपडा केला, आतलं पाणी गवतावर ओघळलं. "कुणी टाकले हे बाहेर?"

"मीच ठेवले."

"कशाला?"

"जोडे आहेत म्हणून."

ती खाली बसून इतकी हसली की शिबिरप्रमुख काठी टेकत आमच्याकडे आले. ते सैन्यातून निवृत्त झालेले गृहस्थ होते आणि रोज सकाळी ध्वजाखाली उभे राहून एका नव्या गोष्टीला राष्ट्राचा कणा म्हणत. आदल्या दिवशी तो मान शिस्तीला मिळाला होता.

"बूट म्हणजे गिर्यारोहकाचं चारित्र्य," माझ्या बुटांकडे पाहत ते म्हणाले. "परवा चढाईच्या आधी तपासणी आहे. आतून ओले आढळले तर तुम्ही इथेच थांबून स्वयंपाकघरात बटाटे सोलाल."

ते नियमाचे पक्के होते, आणि ओल्या बुटांनी बर्फात पायाची बोटं जातात हेही खरं होतं. मला रडू येत होतं. बटाटे मांबलममध्येही सोलता आले असते.

मी बूट उचलून चुलीकडे निघाले, तर डेहराडूनच्या मुलीने मागून ओढलं. "जाळाजवळ नको! कातडं तडकेल, तळवा सुटेल. बस इथे." तिने नाड्या पूर्ण काढल्या, जीभ बाहेर खेचली, फडक्याने आतलं पाणी टिपलं. "वर्तमानपत्र आहे?"

होतं. आईने चकलीसारखे मुरुक्कू, चिवडा आणि लिंबाचं लोणचं तमिळ वर्तमानपत्रांच्या इतक्या थरांत बांधून दिलं होतं, की मी हिमालयात चाललेय की तुरुंगात, असं कोणालाही वाटावं. आम्ही पानं चुरगळून त्यांचे बोळे बुटांच्या टोकापर्यंत ठासले. ते ओले झाले की काढायचे, दुसरे भरायचे. दोन दिवस चढायचा सराव सोडला तर मी दुसरं काही केलं नाही. ऊन निघालं की बूट उन्हाकडे तोंड करून ठेवायची आणि ढग आला की उचलायची. चढायच्या सरावाला ती तिचे जुने कॅनव्हासचे बूट मला देई. मुरुक्कू संपत आले, कारण कागद मोकळा करायचा तर आतलं खावं लागे. या कामात तिने मनापासून मदत केली.

"आता रात्री हे कुठे ठेवायचे ठाऊक आहे ना?" तिने विचारलं.

"उशाशी?"

"स्लीपिंग बॅगमध्ये. पोटाशी. अंगाच्या उबेने उरलेली ओल जाते."

टॉवेलात गुंडाळलेले बूट पोटाशी घेऊन मी दोन रात्री झोपले. आईला कळलं असतं तर एका आंघोळीवर तिने मला घरात घेतलं नसतं.

चढाईच्या सकाळी शिबिरप्रमुख रांगेतून आले. प्रत्येकाच्या बुटात हात घालून पाहत होते. माझ्या डाव्या बुटातून त्यांनी हात काढला आणि मान हलवली. उजव्यात घातला, थांबले, हात काढून नाकाशी नेला.

"हा कसला वास?"

"खोबरेल तेल, सर."

"डोक्याचं?"

"वडिलांनी बुटांना लावलंय, सर. पाणी शिरू नये म्हणून."

त्यांनी पुन्हा हात घातला. "आत ओलसर लागतंय."

खरं सांगायचं तर टोकाशी काय होतं ते मलाही ठाऊक नव्हतं.

"ओलसर नाही सर, तेलकट आहे," शेजारून डेहराडूनची मुलगी म्हणाली.

त्यांनी अंगठा आणि बोट एकमेकांवर बराच वेळ घासलं. बोटं चकाकत होती. शेवटी त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि हात पुसत पुढच्या मुलीकडे वळले. त्यांना नाही म्हणता आलं नाही, आणि हो म्हणणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

दुपारच्या आत आम्ही वर पोचलो. बर्फ मला वाटला होता त्याहून मळका निघाला, वरून पापुद्रा धरलेला, खाली दाणेदार. पाय टाकला की करकरत होता. शिबिरप्रमुखांनी आम्हाला अर्धवर्तुळात उभं केलं आणि राष्ट्राच्या कण्याविषयी बोलायला सुरुवात केली. वारा सुटला होता. डेहराडूनच्या मुलीने मला कोपराने ढोसलं आणि भुवया उंचावून माझ्या पायांकडे खूण केली.

मी बुटांच्या आत बोटं हलवून पाहिली. सगळी हलत होती, आणि गरम होती. त्या भाषणातला एक शब्दही मला आज आठवत नाही.